सोलापुरात आशियाई नाशपाती: घरच्या बागेत लावायची आहे, कुठली जात, कुठला खुंट?

होटगीरोड_बाग (प्रश्न)

मंडळी नमस्कार. होटगीच्या पुढे घरचे दहा गुंठे आहेत. आंबा, चिकू, सीताफळ, दोन डाळिंबं असं घरापुरतं लावलेलं आहे. पूर्वेच्या बाजूला साठ फूट बाय तीस फूट जागा मोकळी आहे, तिथं आशियाई नाशपातीची सात-आठ झाडं लावायचा विचार आहे. ती गोल, करकरीत, सफरचंदासारखी कापून खायची जात हवी, लांबट मऊ नको.

माहिती अशी: वरची दीड-दोन फूट काळी माती, खाली मुरूम, अधूनमधून चुनखडीचे खडे. बोअरचं पाणी आहे, नळाच्या तोटीवर पांढरं साचतं इतपत जड. ठिबक बसवलेलं आहे. एक रोपवाटिकावाला 'कुठल्याही हवामानात येणारी, दुसऱ्या वर्षी फळ' असं म्हणून पिशवीतली रोपं देतोय, जातीचं नाव विचारलं तर नुसतं 'पेअर' म्हणतो.

प्रश्न: १) सोलापूरच्या उन्हात झाड तगेल का? २) जात कुठली आणि एकट्या जातीला फळ धरतं का? ३) खड्डा, अंतर, पाणी यांचं नीट गणित कुणी सांगेल का?

---

खुंट_आणि_डोळा

उन्हाची काळजी तुम्ही सगळ्यात आधी केलीत, पण अडचण तिथं नाही. पंजाबात मे-जूनमध्ये पारा ४३-४४ ला जातो आणि तिथं नाशपाती व्यापारी पीक म्हणून उभी आहे. सोलापुरात कमी पडते ती थंडी.

नाशपाती पानगळीचं झाड आहे. थंडी सुरू झाली की पानं टाकतं आणि डोळे झोपतात. हे डोळे जागे व्हायला ठरावीक तास गारवा लागतो. साधा हिशोब ७ अंशांखालच्या तासांचा. होसुई, कोसुई, निजिस्सेइकी या नावाजलेल्या जपानी जातींना जातीप्रमाणे साधारण ४०० ते ८०० तास लागतात. पंजाबातल्या पत्थरनाखला दीडशे ते अडीचशेच्या आसपास पुरतात. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीतली रात्र बहुतेक वेळा १३ ते १६ अंशांवर असते. लाट आली आणि पारा १० च्या खाली गेला तर पेपरात बातमी येते. ७ अंशांखालचे तास मोजायला बसलात तर बऱ्याच वर्षी बोटं पुरतील. शिवाय दुपारी ३० अंश झाले की रात्री मिळालेल्या गारव्याचा काही भाग पुसला जातो, हे वेगळंच.

गारवा कमी पडला की झाड मरत नाही, पण बिघडतं. फेब्रुवारीत जिथं सगळी फांदी एकदम फुटायला हवी तिथं टोकाला पानांचा झुपका आणि खाली हातभर उघडी काठी दिसते. फुलडोळे फुगतात आणि तसेच वाळून गळतात. जी फुलं येतात ती महिना-दीड महिना तुटक तुटक येतात, म्हणून परागीभवन जमत नाही. लोक याला खत कमी पडलं समजून युरिया टाकतात, मग नुसत्या पाणसोट फांद्या सरळ आभाळात जातात.

म्हणून जपानी जातींचं नाव काढू नका. तुमच्यासाठी पत्थरनाख, आणि सोबत एखादं पंजाब ब्यूटी. दोन्ही लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतल्या जाती आहेत. पत्थरनाख ही आशियाईच, गोलसर, हिरवी, अंगावर बारीक ठिपके. पण आधीच सांगतो, ती करकरीत असली तरी कडक असते आणि गराला रवाळपणा असतो. मॉलमधल्या आयात फळाची चव डोक्यात असेल तर निराशा होईल. पंजाब ब्यूटी थोडी मऊ, गोडी जास्त, झाड उभट वाढणारं.

पत्थरनाखला स्वतःच्या परागावर काही प्रमाणात फळ धरतं. दुसरी जात जवळ असली तर धारणा वाढते, मात्र दोन्हींची फुलं एका वेळी आली पाहिजेत, आणि आपल्याकडं नेमकं तेच सुटतं. मधमाश्यांना नाशपातीच्या फुलाचं फार कौतुक नसतं, मधात साखर कमी. दोन-चार झाडांना सकाळी दहाच्या सुमारास मऊ ब्रश फिरवणं हा सोपा उपाय.

आणि आठ झाडं नकोत. दोन लावा, फार तर तीन. साठ बाय तीसमध्ये पत्थरनाख तशीही आठ मावत नाहीत. पंजाबात तिला साडेसात मीटर, म्हणजे जवळपास पंचवीस फूट अंतर देतात. छाटून आटोक्यात ठेवणार असाल तर पंधरा-सोळा फूट चालेल.

नाव न सांगणाऱ्याकडचं रोप घेऊ नका. त्या पिशवीत बियांचं रोपही असू शकतं, आणि बियांच्या नाशपातीला फळ यायला सात-आठ वर्षंसुद्धा लागतात. विचारायचं ते एवढंच: कलम कशाचं, खुंट (ज्याच्या मुळावर कलम बांधतात ते खालचं झाड) कुठला, कलमाचा जोड कुठाय. जोड बोटानं दाखवता आला नाही की पुढं चला.

---

चुनखडीवाला

थंडीचं वरती आलंय, मी जमीन आणि पाण्यावर लिहितो, कारण तोटीवर पांढरं साचतंय हे वाचल्यावर मला पानं पिवळी दिसायला लागली.

आधी मातीचं परीक्षण. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कुठल्याही माती प्रयोगशाळेत द्या, पण अर्जावर 'मुक्त चुना' असं मुद्दाम लिहा, नाहीतर नुसता सामू (पीएच) आणि नत्र-स्फुरद-पालाश येतो. नमुना दोन थरांचा वेगवेगळा: वरचा एक फूट आणि त्याखालचा एक फूट. आपल्याकडं वरच्या थरात चुना ४-५ टक्के आणि खाली मुरमाच्या तोंडावर १५ असं सर्रास निघतं. १० च्या वर गेलं की नाशपाती कायम आजारी. तोवर घरी बघायचं असेल तर मातीच्या ढेकळावर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं की समजा.

चुन्यामुळं होतं असं की लोह जमिनीत असूनही मुळाला मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फार झालं की पान पांढरट होऊन कडेनं करपतं. जुनी पानं पिवळी असतील तर ते लोह नव्हे, तिथं नत्र किंवा पाणी साचलेलं बघा. उपाय म्हणून फेरस सल्फेट जमिनीत ओतण्यात अर्थ नाही, काही दिवसांत ते निकामी होतं. चिलेटेड लोह घेताना पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघा. ईडीटीए स्वस्त असतं पण साडेसहाच्या वरच्या सामूत टिकत नाही, आपला सामू आठच्या पुढं. लहान झाडाला ईडीडीएचए १५ ते २० ग्रॅम पाण्यात विरघळवून ड्रीपरखाली, फेब्रुवारीत फुटवा सुरू होताना एकदा आणि जूनमध्ये एकदा. तात्पुरती फवारणी करायची तर १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना, संध्याकाळी.

'खड्ड्यात गंधक टाका, सामू उतरेल' हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. हिशोब करून बघा. ३ × ३ × ३ फुटांच्या खड्ड्यात साधारण एक टन माती बसते. चुना १० टक्के धरला तर १०० किलो चुना. तेवढा चुना विरघळवायला ३२ किलो गंधक लागेल. तुम्ही अर्धा किलो टाकणार. जिप्समही चोपण जमिनीसाठी असतं, चुनखडीवर त्याचा उपयोग नाही.

त्यापेक्षा माती बदला आणि झाड वर उचला. एप्रिलमध्ये ३ × ३ × ३ फुटांचा खड्डा घ्या, महिनाभर तापू द्या. निघालेल्या मातीतली खालची चुनखडीची माती परत टाकूच नका, ती बांधावर जाऊ द्या. चुना नसलेली पोयट्याची माती आणा, तीही ॲसिड टाकून तपासूनच. तीन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग बारीक तांबडा मुरूम किंवा जाड वाळू. त्यात सिंगल सुपर फॉस्फेट १ किलो आणि निंबोळी पेंड १ किलो. वाळवीचा त्रास असेल तर शेणखत कच्चं अजिबात नको, ती त्यावरच येते. खड्डा भरून वर दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा करा. काळ्या मातीत पावसाळ्यात आठवडाभर वाफसा येत नाही आणि नाशपातीची मुळं तेवढ्यात गुदमरतात. उन्हाळ्यात मेलेली झाडं बऱ्याचदा मागच्या सप्टेंबरातच मुळानं गेलेली असतात, ते कळतं मेमध्ये.

खुंट: आपल्याकडं मिळणारी कलमं बहुतेक कैंथवर, म्हणजे रानटी नाशपातीवर असतात, ते चालेल. क्विन्सवरची ठेंगणी झाडं कुणी दिली तर चुन्याच्या जमिनीत घेऊ नका, ती सगळ्यात आधी पिवळी पडतात.

पाणी: बोअरच्या पाण्याची क्षारता तपासून घ्या. १ डेसीसायमनच्या आत असेल तर निर्धास्त, दीड-दोनच्या पुढं असेल तर पानांच्या कडा मार्चपासूनच करपतील. घराच्या छताचं पाणी धरता येत असेल तर याच दोन झाडांसाठी धरा. हजार चौरस फूट छतावर ६०० मिमी पाऊस पडला तर गळती-उडणं वजा जाता ४०-४५ हजार लिटर हाती येतं. टाकी तेवढी नसणार, पण पाच हजार लिटर जरी साठलं तरी बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळून एप्रिल-मेचा बराच भाग निघतो.

रोजचं पाणी असं काढा: झाडाच्या घेराचं क्षेत्रफळ (चौरस मीटर) × त्या दिवसाचं बाष्पीभवन (मिमी) × ०.८. आपल्याकडं मेमध्ये बाष्पीभवन रोज आठ मिमी धरा, कधी जास्तही. दीड मीटर व्यासाच्या झाडाचं क्षेत्रफळ १.७७, म्हणजे रोज ११ लिटरच्या जवळपास. डिसेंबरात याच्या निम्म्याहून कमी. खोडाला चिकटून एक ड्रीपर नको, दीड-दोन फुटांवर चार ड्रीपर ४ लिटरचे, म्हणजे मुळं पसरतात. उसाचं पाचट चार-पाच इंच जाड, खोडापासून वीतभर लांब.

खतात युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरा, मुळाभोवती थोडी आम्लता राहते. पहिल्या वर्षी झाडाला एकूण २०० ग्रॅम, तेही चार हप्त्यांत, पुढं दरवर्षी तेवढंच वाढवत जा. ऑगस्टनंतर नत्र बंद.

---

बहार_मोहोळ

थंडी नाही हे मान्य, पण सोलापूर जिल्ह्यात बसून झाडाला झोपवायचं आणि उठवायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. डाळिंबाला आपण पाणी तोडून ताण देतो, पानगळ करतो, छाटतो आणि पाणी सोडून बहार धरतो. नाशपातीला तोच धडा, थोडा फरक करून.

मूळ गोष्ट लक्षात घ्या. पानगळीच्या झाडाचा डोळा गाढ झोपेत गेला की त्याला थंडीच लागते. पण गाढ झोपायच्या आधीच पानं काढली तर थंडीवाचूनही तो फुटतो. इंडोनेशियात जावा बेटावर बातू गावाच्या परिसरात सफरचंदाची बाग अशीच चालते. काढणीनंतर काही आठवड्यांत हातानं पानं ओरबाडतात, फांद्या वाकवतात, आणि वर्षात दोन पिकं घेतात. ते ठिकाण डोंगरात आहे, सोलापूरइतकं तापत नाही, पण तत्त्व तेच. नाशपातीतही हे दिसतं. पावसाळ्याच्या शेवटी रोगानं किंवा वादळानं पानं झडली की ऑक्टोबरात अवकाळी फुलं येतात.

मग आपण ते मुद्दाम का करू नये? फुलडोळे पावसाळ्यात तयार होतात. सप्टेंबरच्या शेवटी पाणी तोडा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पानं हातानं काढा, हलकी छाटणी करा, पाणी द्या. ऑक्टोबरअखेर फूल, मार्चमध्ये फळ. फळाला एप्रिल-मेचं ऊन बघावंच लागत नाही. हस्त बहारच म्हणा.

डाळिंबाच्या पानगळीला वापरतात ते इथरेल नाशपातीवर मारू नका. मात्रा जरा चुकली की पानाबरोबर डोळाही गळतो. दोन-तीन झाडांना हात पुरतात. पान खाली ओढू नका, वर मोडून काढा, देठाच्या बगलेतला डोळा शाबूत राहतो.

---

खुंट_आणि_डोळा

@बहार_मोहोळ तत्त्व बरोबर, महिना पटत नाही.

एक, सोलापुरात सप्टेंबर हा भर पावसाचा महिना. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत झोडपतो. काळ्या जमिनीत त्या दिवसांत ताण बसणार कसा? डाळिंबवाल्यांनाही हस्त बहारात हाच अडसर येतो. दोन, फुलडोळा एकदाच फुटतो. ऑक्टोबरात अर्धे फुटले तर फेब्रुवारीसाठी ते उरत नाहीत, आणि झाड वर्षभर तुटक फुटत राहतं. तीन, हे करायचं तर झाड निदान चार-पाच वर्षांचं, अंगानं भरलेलं हवं. लहान झाडाची पानं ऑक्टोबरात काढणं म्हणजे त्याची शिदोरी काढून घेणं.

मी डिसेंबर धरतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून पाणी हळूहळू कमी, विसाव्या तारखेला बंद. हलक्या जमिनीत पंधरा दिवस, भारीत चार आठवडे ताण लागतो. पानं पिवळसर होऊन लोंबली की पुरे, फांदी सुरकुतू देऊ नका. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरलेली पानं हातानं काढा, म्हणजे जो काही गारवा येतो तो उघड्या डोळ्यांना मिळतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छाटणी, मग १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) लिटरला ३० ग्रॅम, आठवड्याच्या अंतरानं दोन फवारण्या, आणि पाणी सुरू. फूल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. पत्थरनाखला फुलापासून काढणीपर्यंत साडेचार-पाच महिने लागतात, म्हणजे जूनअखेर फळ. मे महिना फळ झाडावर असणार, त्याला इलाज सावलीचा.

द्राक्षवाले शेजारी हायड्रोजन सायनामाइड सुचवतील. त्यानं डोळे एकसारखे फुटतात हे खरं. पण द्राक्षाच्या काडीला लावतात ती मात्रा नाशपातीचे फुलडोळे जाळते, आणि औषध जहाल विषारी आहे. अंगावर गेलं तर कातडी सोलते, आणि वापराच्या आगेमागे काही दिवस दारूचा थेंब जरी पोटात गेला तरी माणूस आडवा होतो. दोन झाडांसाठी घरात आणण्यासारखी ती वस्तू नव्हे.

छाटणीचं थोडक्यात: नाशपातीला फळ येतं ते दोन वर्षांपुढच्या फांदीवरच्या आखूड, सुरकुतलेल्या गाठाळ फुटव्यांवर. तो फुटवा अनेक वर्षं फळ देतो. हिवाळी छाटणीत हेच वाळके समजून कापले जातात. कापायचं ते पाणसोट, आत वळलेलं आणि एकमेकांवर घासणारं. आणि कापण्यापेक्षा वाकवणं महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टमध्ये फांदी कोवळी असताना सुतळीनं किंवा विटेचं वजन बांधून खोडापासून ६० अंशांपर्यंत ओढा. उभ्या फांदीत टोकाचा डोळा सगळ्यांना दाबतो, आडव्या फांदीत मधले डोळेही फुटतात. कमी थंडीच्या जागी हा एक उपाय कुठल्याही औषधाइतका कामाचा.

---

होटगीरोड_बाग

दोघांचंही पटतंय. मग एका झाडाला डिसेंबर आणि एकाला ऑक्टोबर असं करून बघता येईल, पण ते चार-पाच वर्षांनी. आत्ता रोप कधी मागवू? पावसाळ्यात लावावं का? आणि पहिला उन्हाळा कसा काढायचा?

---

चुनखडीवाला

पावसाळ्यात पिशवीतलं मिळालं तर लावता येतं, पण उत्तरेकडून चांगलं कलम येतं ते झोपलेलं, उघड्या मुळांचं, डिसेंबर-जानेवारीत. खड्डा मे-जूनमध्ये भरून ठेवा, पावसाळ्यात माती बसू द्या, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. आणखी एक फायदा असा की तिकडून येणाऱ्या रोपाला त्या वर्षीची थोडीफार थंडी तिथंच मिळालेली असते, म्हणून पहिला फुटवा एकसारखा येतो. तो बघून 'आपल्याकडं छान जमतंय' असं समजू नका, खरी परीक्षा दुसऱ्या हिवाळ्यात.

पार्सल फोडलं की मुळं बघा. मुळावर किंवा जोडापाशी गाठी असतील तर ते रोप परत करा किंवा जाळा, लावू नका. तुटलेली मुळं सिकेटरनं साफ कापा, चार तास पाण्यात, मग शेण-माती-ट्रायकोडर्माच्या काल्यात बुडवून लावा. जोड मातीच्या वर निदान सहा इंच. उंचवट्याची माती बसते, झाडही खाली जातं, म्हणून सुरुवातीला आठ-नऊ इंच ठेवा. लावल्याबरोबर शेंडा दोन-अडीच फुटांवर कापा. जीव कासावीस होतो, पण मुळं निम्मी तुटलेली असताना वरचा भार तसाच ठेवला तर मार्चमध्ये झाड वाळतं.

पहिला उन्हाळा: नैऋत्येच्या बाजूला चार बांबू आणि ५० टक्क्यांची शेडनेट, मार्चपासून जूनपर्यंत. चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत वाफ कोंडते. खोडाला बोर्डो मलम: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत, मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर आला तर चुना वाढवा. दोन झाडांना शंभर ग्रॅमचं प्रमाणसुद्धा भरपूर होतं, त्याच दिवशी संपवा. या लेपानं खोडाची पश्चिमेची साल उन्हानं तडकत नाही. तडकली की तिथून खोडकिडा आणि बुरशी दोन्ही शिरतात.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पानामागं लाल कोळी येतो. पान तांबूस, धुळकट दिसलं की उलटून बघा. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी साध्या पाण्याचा जोराचा फवारा खालून वर दिला तर बहुतेक वेळा भागतं. वाढला तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण पारा ३५ च्या आत असेल तरच, नाहीतर पानं भाजतात.

---

गच्चीवरची_बाग

मी वेगळा मार्ग सुचवते, दोनच झाडं लावणार असाल तर. तिसरं झाड कुंडीत ठेवा. म्हणजे थंडी झाडाकडं येत नसेल तर झाड थंडीकडं नेता येतं. आपल्या भागात बेदाण्याची शीतगृहं आहेत. ४ ते ५ अंशांच्या खोलीत वीस दिवस म्हणजे ४८० तास, पत्थरनाखला गरजेपेक्षा जास्त, होसुईलाही बहुधा पुरेसे.

करायचं असं. २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम अर्धा कापायचा, तळाला बोटभर आठ भोकं. भरणीत निम्मं कोकोपीट, बाकी पोयटा आणि शेणखत, म्हणजे दोघांना उचलता येईल. झाड तीन वर्षांचं झालं की सुरुवात. डिसेंबरात पंधरा दिवस पाणी तोडून सगळी पानं काढून मगच आत न्यायचं. पानासकट अंधारात नेलं तर पानं कुजतात आणि बुरशी डोळ्यांत उतरते. कुंडीची माती ओलसर हवी, चिंब नको. बेदाण्याच्या खोलीत हवा कोरडी असते, त्यामुळं फांद्यांना ओलं गोणपाट गुंडाळून वर भोकं पाडलेलं प्लास्टिक. खोलीत सफरचंद किंवा दुसरं पिकणारं फळ ठेवलेलं नसावं, त्याच्या वायूनं डोळे मरतात. पाच-सहा जानेवारीला बाहेर काढून चार दिवस सावलीत, मग उन्हात. फूल तीन-चार आठवड्यांत.

शीतगृहवाले आधी हसतील. भाडं आणि टेम्पो धरला तर ते फळ बाजारातल्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, पण हौसेला मोल नसतं म्हणतात.

तैवानात याच अडचणीवर आणखी भारी तोड काढलेली आहे. तिथल्या सखल भागात कमी थंडीची हेंगशान नाशपाती येते. शेतकरी जपानातून किंवा डोंगरातून थंडी पूर्ण झालेले होसुईसारख्या जातींचे फुलडोळे आणतात आणि हिवाळ्यात या झाडांच्या पाणसोट फांद्यांवर त्यांचं कलम करतात. तो डोळा तिथं फुलतो, फळतो. पुढच्या वर्षी पुन्हा नवे डोळे, पुन्हा नवं कलम. पत्थरनाख चांगली मोठी झाली की हिमाचलातून जानेवारीत कलमकाड्या मागवून हे आपल्याकडंही करून बघण्यासारखं आहे. काडी ओल्या कागदात, प्लास्टिकमध्ये, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात, फळांपासून लांब. परदेशातून काड्या मागवायच्या भानगडीत पडू नका, संगरोधाच्या परवान्याशिवाय ते बेकायदा आहे.

---

होटगीरोड_बाग

ताई, कुंडीचं आवडलं. ठरलं असं: जमिनीत दोन पत्थरनाख, कुंडीत एक पंजाब ब्यूटी. माती उद्याच देतो. शेवटचं एक, फळ धरलं तर विरळणी, माशी आणि काढणी?

---

बहार_मोहोळ

एका गुच्छात पाच ते सात फुलं येतात. फळ बोराएवढं झालं की गुच्छात एकच ठेवा, फांदीवर वीतभर अंतरानं. पहिल्या दोन वर्षांत येणारी फळं सगळी काढा. हात धजत नाही म्हणून ठेवली तर फांदी वाढत नाही, आणि वाऱ्यानं जोडापाशी मोडते. विरळणी करतानाच पिशव्या घाला, डाळिंबाला घालतो त्या पांढऱ्या न विणलेल्या कापडाच्या चालतील. ऊन, फळमाशी, पोपट तिन्हींवर एकच इलाज. पश्चिमेच्या बाजूची पिशवी घातलेली फळंही मेमध्ये भाजू शकतात, तिथं वरून ३५ टक्क्यांची नेट ओढा. फळमाशीचा मिथिल युजेनॉलचा सापळा मेच्या मध्यापासून, घरच्या जागेला दोन पुरे. तो झाडाला टांगू नका, कडेला पंधरा-वीस फुटांवर टांगा. फुटकं-पडकं फळ रोज उचलून खड्ड्यात पुरा.

गारपीट फेब्रुवारी-मार्चमध्ये आली तर फूल जाईल, त्याला फक्त जाळीच.

---

खुंट_आणि_डोळा

काढणीचं सांगतो. आंब्यासारखं कच्चं उतरवून अढी घालायची ही जात नाही, आशियाई नाशपाती झाडावरच खायला तयार होते. गडद हिरवा रंग फिका पिवळसर झाला, ठिपके ठळक झाले, कापून बघितल्यावर बी तपकिरी निघाली की काढा. फळ तळहातावर घेऊन वर उचलायचं, पिकलेलं असेल तर देठ सांध्यापाशी सहज सुटतो. ओढावं लागलं तर पाच-सहा दिवस थांबा. सगळी एकदम तयार होत नाहीत, विशेषतः आपल्याकडं फूलच तुटक आलेलं असणार, म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीन-चार तोडे धरा. साल पातळ, बोट दाबलं तरी दुसऱ्या दिवशी काळा डाग, तेव्हा पाटीत गवत किंवा कागद अंथरा. फ्रीजमध्ये पत्थरनाख महिनाभर आरामात राहते.

आणि माती परीक्षणाचा अहवाल आला की इथं टाका. खालच्या थरात चुना १५ च्या वर निघाला तर जमिनीतली दोन्ही रद्द करून तिन्ही झाडं ड्रममध्येच घ्या.